विश्लेषण : स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ कर्करोगाची असते का? स्कॅनवरून ती ओळखतात कशी?

पोटाच्या स्कॅनच्या अहवालात ‘स्वादुपिंडात गाठ’ असे शब्द आले की घरादाराची झोप उडते. मात्र या दोन शब्दांमागे काही महिन्यांत जीव घेणारा कर्करोग असू शकतो, वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहणारी पाण्याची गाठ असू शकते किंवा गोळ्यांनी ओसरणारी सूजही असू शकते. पहिल्या स्कॅनमध्ये यातल्या अनेक गाठी जवळजवळ सारख्या दिसतात. त्या वेगळ्या कशा ओळखल्या जातात आणि या ओळखीवर रुग्णाचे काय काय अवलंबून असते, याचा हा आढावा.

एकाच डागाचे दोन अर्थ कसे?

‘अ‍ॅपल’चे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांच्या स्वादुपिंडात ऑक्टोबर २००३ मध्ये गाठ आढळली. तिचा शोध कोणी घेत नव्हते. मूत्रपिंडांच्या तपासणीसाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती दिसली. पुढे काय झाले ते जॉब्ज यांनी जून २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भाषणात सांगितले. हा बरा न होणारा कर्करोग असण्याचीच दाट शक्यता आहे आणि हातात तीन ते सहा महिने आहेत, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. त्याच दिवशी संध्याकाळी घशातून दुर्बीण घालून सुईने गाठीतल्या पेशी काढण्यात आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्याच निघाल्या. गाठ दुर्मीळ प्रकारची आणि शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणारी होती. तिला ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ म्हणतात. २००४ मध्ये जॉब्ज यांची शस्त्रक्रिया झाली, २००९ मध्ये यकृत प्रत्यारोपण झाले आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. आजाराने शेवटी त्यांना गाठलेच, पण सहा महिन्यांत नव्हे, आठ वर्षांनी.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यामुळे हा आजार मराठी आणि कोकणी घरांत चर्चेत आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते आजारी पडले आणि १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच २०१८च्या मार्चमध्ये अभिनेता इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचे जाहीर केले होते. ‘न्यूरो’ हा शब्द ऐकून अनेकांना तो मेंदूचा आजार वाटला आणि तसे नसल्याचे त्यांनाच सांगावे लागले. हा ट्यूमर संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींमधून उगवतो. अशा पेशी स्वादुपिंडात, आतड्यांत, फुप्फुसांत, अशा अनेक ठिकाणी असतात.

थोडक्यात, गाठ कोठे आहे हे कळले म्हणजे ती कोणती आहे हे कळले असे नाही. पुढचा सगळा निर्णय दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

ओळख चुकली तर काय बिघडते?

ओळख दोन्ही बाजूंनी चुकू शकते. निरुपद्रवी गाठीला कर्करोग समजले तर रुग्णाला पोटातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एकीला सामोरे जावे लागते. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ काढण्यासाठी ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया करतात. तिच्यात स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग काढून उरलेले अवयव पुन्हा एकमेकांना जोडावे लागतात. अनुभवी केंद्रांतही या शस्त्रक्रियेत शंभरातले दोन ते पाच रुग्ण दगावू शकतात, तर गुंतागुंत त्याहून कितीतरी अधिक जणांत होते. स्वादुपिंडाचा बराच भाग गेल्यास मधुमेह मागे लागतो.

उलट, कर्करोगाला साधी सूज समजून थांबले तर हातची वेळ निघून जाते. निदान होते तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असते. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार या कर्करोगाचे रुग्ण पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. म्हणूनच ‘बघू, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू’ हा सल्ला एका गाठीसाठी अगदी योग्य, तर दुसरीसाठी घातक ठरतो.

बाहेरून स्वादुपिंड दिसत का नाही?

स्वादुपिंड साधारण १५ सेंटीमीटर लांबीचे असते. ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पडलेले असते. त्याचे डोके लहान आतड्याच्या वळणात अडकलेले, तर शेपटी डावीकडे प्लीहेला टेकलेली असते. हाताने पोट दाबून गाठ सहसा लागत नाही. आपल्याकडे पोटदुखीवर पहिली तपासणी म्हणजे सोनोग्राफी. पण जठर आणि आतड्यांतल्या वायूमुळे ध्वनिलहरी अडतात आणि स्वादुपिंडाचा बराच भाग झाकलेला राहतो. त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे ‘स्वादुपिंड नॉर्मल’ असे गृहीत धरता येत नाही.

हा अवयव दोन कामे करतो. एका प्रकारच्या पेशी पाचकरस बनवतात आणि तो रस एका मुख्य नलिकेतून आतड्यात सोडतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे लहान लहान पुंजके इन्सुलिनसारखी संप्रेरके थेट रक्तात सोडतात. नलिकेच्या अस्तरातून उगवणारा ‘डक्टल अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ हा नेहमीचा आणि घातक कर्करोग. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के याच प्रकारचे असतात. संप्रेरकांच्या पेशींतून उगवतो तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. दोन्ही एकाच अवयवातले, पण कुळी वेगळी आणि चालही वेगळी.

सीटी स्कॅन गाठीला काय विचारतो?

सीटीच्या एका चित्रात गाठ हा केवळ करडा डाग असतो. तिचा स्वभाव कळतो तो तिच्यात रक्त कसे येते यावरून. त्यासाठी शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देतात आणि ठरावीक सेकंदांनी पुन्हा पुन्हा चित्रे घेतात. इंजेक्शन सुरू केल्यापासून साधारण ४० ते ४५ सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड सर्वांत जास्त उजळते. सुमारे ७० सेकंदांनी यकृत आणि तिथल्या शिरा उजळतात. या दोन वेळांच्या पातळ कापांतील चित्रांना मिळून ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉल’ म्हणतात.

नेहमीच्या कर्करोगात पेशींभोवती घट्ट, तंतुमय ऊतींचा चिवट लगदा असतो आणि रक्तवाहिन्या तुरळक असतात. त्यामुळे भोवतालचे स्वादुपिंड उजळलेले असताना ही गाठ काळपट राहते. न्यूरोएंडोक्राइन गाठीत याच्या उलट, बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ती सुरुवातीच्या चित्रातच लखलखते. सत्तराव्या सेकंदापर्यंत हा फरक बराच पुसट होतो. म्हणजे एकच, उशिराचे चित्र घेतले तर नेमका पुरावा हातचा निसटतो. पोटदुखीसाठी घाईत केलेला साधा सीटी आणि पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा सीटी, या दोन वेगळ्या तपासण्या मानायला हव्यात.

अर्थात ‘काळी ती वाईट, उजळ ती बरी’ असा सरधोपट नियम नाही. साधारण दहापैकी एक कर्करोग भोवतालच्या स्वादुपिंडाइतकाच उजळतो आणि थेट दिसतच नाही. दुसरीकडे, उजळणारी प्रत्येक गाठ न्यूरोएंडोक्राइन असते असेही नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दहा-दहा वर्षे उलटल्यावर त्याचा प्रसार स्वादुपिंडात दिसू शकतो आणि तोही असाच उजळतो. जुन्या शस्त्रक्रियेची माहिती रुग्णाने सांगितली नाही, तर केवळ चित्र पाहून हे ओळखणे कठीण.

नलिकेवरून काय कळते?

गाठ दिसत नसेल तेव्हा तिने शेजाऱ्यांचे काय केले ते पाहतात. स्वादुपिंडाची मुख्य नलिका सर्वसाधारणपणे ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असते. नलिकेतच उगवलेला कर्करोग ती आतून बंद करतो. मग ती एका जागी कापल्यासारखी अचानक संपते, मागचा भाग फुगतो आणि त्यापलीकडचे स्वादुपिंड हळूहळू सुकते. गाठ डोक्यात असेल तर शेजारून जाणारी पित्तनलिकाही दाबली जाते. दोन्ही नलिका एकाच वेळी फुगलेल्या दिसल्या की रेडिओलॉजिस्ट सावध होतात, मग गाठ दिसो वा न दिसो. वेदना नसलेली कावीळ हे याचेच बाहेर दिसणारे रूप.

न्यूरोएंडोक्राइन गाठ बहुधा नलिकेच्या बाजूला वाढते. तिला ढकलते, पण सहसा बंद करत नाही. दीर्घकालीन सुजेमुळे झालेल्या गाठीत तर नलिका अरुंद होऊनही गाठीच्या आरपार जाताना दिसू शकते. कर्करोगात असे क्वचितच घडते.

नलिका पाहण्यासाठी एमआरआयची एक खास पद्धत आहे, एमआरसीपी. तिच्यात साचलेला द्रव पांढराशुभ्र दिसतो आणि बाकी सगळे काळे. कॉन्ट्रास्टशिवाय, क्ष-किरणांशिवाय पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. कोणती फांदी कोठे तुटली आणि कोणती गाठ कोणत्या फांदीला जोडलेली आहे, हे त्यात स्पष्ट होते.

पाण्याच्या गाठी कशा ओळखायच्या?

दुसऱ्याच कारणासाठी पोटाचा सीटी केलेल्या शंभर जणांत साधारण दोन-तीन जणांच्या स्वादुपिंडात पाण्याची गाठ म्हणजे सिस्ट सापडते. एमआरआयमध्ये त्याहून अधिक सापडतात आणि वयाबरोबर प्रमाण वाढते. यातल्या बहुतेक कधीच त्रास देत नाहीत. काही मात्र पुढे कर्करोगात बदलू शकतात.

वय आणि लिंग हा इथे मोठा धागा असतो. रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांना यासाठी लक्षात ठेवण्याची एक सोपी युक्ती शिकवतात : लेक, आई आणि आजी.

‘लेकी’ची गाठ म्हणजे सॉलिड स्युडोपॅपिलरी निओप्लाझम. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ मध्ये तिचे वर्णन केले. ती प्रामुख्याने तरुण मुलींमध्ये आढळते. भोवती जाड वेष्टन, आत काही भाग घट्ट, काही पोकळ आणि रक्तस्रावाच्या खुणा. एमआरआयमध्ये हे रक्त चटकन ओळखू येते. तिच्यात पसरण्याची थोडी क्षमता असते, म्हणून ती काढतात आणि बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात.

‘आई’ची गाठ म्हणजे म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम. ती जवळजवळ केवळ स्त्रियांमध्ये, बहुधा चाळिशी-पन्नाशीत आणि स्वादुपिंडाच्या मधल्या किंवा शेपटीकडच्या भागात होते. आत चिकट श्लेष्मा असतो आणि मुख्य नलिकेशी ती जोडलेली नसते. ती पुढे कर्करोगात बदलू शकते. म्हणून ती साधारणपणे काढतात, लहान असेल तर काही वेळा लक्ष ठेवतात.

‘आजी’ची गाठ म्हणजे सिरस सिस्टाडिनोमा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक बारीक कप्पे आणि काही वेळा मधोमध चुन्याचा व्रण. ती जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. गंमत अशी की कप्पे अगदी बारीक असले तर त्यांच्या पातळ भिंतींत भरलेल्या कॉन्ट्रास्टमुळे ही गाठ सीटीवर घट्ट आणि उजळ दिसते, थेट न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसारखी. एमआरआय केला की तिच्यातले पाणी पांढरे चमकते आणि भ्रम दूर होतो.

या तिघींखेरीज चौथा प्रकार म्हणजे आयपीएमएन. तो पुरुष आणि स्त्रिया दोघांत, बहुधा साठीनंतर दिसतो. द्राक्षांच्या घडासारखी ही गाठ नलिकेच्या फांदीला जोडलेली असते आणि तो जोड एमआरसीपीत दिसतो. फक्त बाजूच्या फांदीत असेल तर बहुतेकदा लक्ष ठेवणे पुरते. मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद झाली, आतल्या भिंतीवर कॉन्ट्रास्टने उजळणारी ५ मिलिमीटर किंवा मोठी गुठळी दिसली किंवा गाठीमुळे कावीळ झाली, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना शस्त्रक्रियेकडे बोट दाखवतात.

सगळ्यांत फसवी तुलना मात्र स्युडोसिस्टशी होते. स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी पाचकरस साचून झालेली ही पिशवी म्हणजे गाठ नव्हेच. ती मोठी होऊन त्रास देऊ लागली तर जठरात वाट करून रिकामी करतात. पण ‘आई’ची गाठ चुकून स्युडोसिस्ट समजून अशी रिकामी केली, तर कर्करोगाची शक्यता असलेली पिशवी आत तशीच राहते. म्हणून डॉक्टर खोदून विचारतात : यापूर्वी पोटात असह्य दुखून रुग्णालयात दाखल झाला होता का? सूज येऊन गेल्याचा इतिहासच नसेल, तर स्युडोसिस्टच्या निदानावर शंका घ्यायला हवी.

कर्करोगाचे सोंग घेणारे आजार कोणते?

स्वादुपिंडाचा कर्करोग समजून काढलेल्या डोक्याच्या भागांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत पुढे कर्करोग सापडत नाही, असे अनेक रुग्णालयांच्या नोंदींतून दिसले आहे. यामागचा एक नेहमीचा मायावी आजार म्हणजे ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते. जपानमधील डॉक्टरांनी १९९५ मध्ये या आजाराला हे नाव सुचवले आणि २००१ मध्ये त्याचा रक्तातल्या आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी असलेला संबंध दाखवून दिला.

या आजारातही उतारवयातल्या माणसाला वेदनेशिवाय कावीळ होते आणि स्कॅनमध्ये डोक्यात गाठ दिसते. फरक तपशिलात असतो. अनेकदा संपूर्ण स्वादुपिंड सुजून गुळगुळीत होते, त्याची नेहमीची खाचाखोचांची कडा नाहीशी होते आणि भोवती पातळ काळपट पट्टा दिसतो. नलिका लांबपर्यंत बारीक झालेली असते, पण मागे फारशी फुगत नाही. पित्तनलिका, मूत्रपिंडे, लाळग्रंथी यांतही बदल आढळू शकतात. अशा वेळी सुईतपासणीत कर्करोग नसल्याची शक्य तितकी खात्री करून साधारण दोन आठवडे स्टिरॉइड देतात आणि पुन्हा स्कॅन करतात. गाठ विरघळली तर निदान पक्के. तशीच राहिली तर कर्करोगाचा विचार पुन्हा पुढे येतो. आयजीजी-४ काही कर्करोगरुग्णांतही वाढलेले असते, त्यामुळे केवळ रक्तावर विसंबता येत नाही.

भारतात आणखी दोन आजार लक्षात ठेवावे लागतात. पहिला क्षयरोग. स्वादुपिंडाचा क्षय विरळा असला तरी क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या आपल्या देशात तो विसरून चालत नाही. गाठीभोवतीच्या लसिकाग्रंथी मोठ्या, कडेने उजळ आणि मध्ये काळ्या दिसतात. डोक्यात एवढी गाठ असूनही नलिका बऱ्याचदा फुगलेली नसते. ही विसंगती दिसली की सुईने नमुना घेऊन क्षयाची तपासणी करतात. निदान झाले तर उपचार शस्त्रक्रियेने नव्हे, काही महिन्यांच्या क्षयविरोधी गोळ्यांनी होतात.

दुसरा आजार म्हणजे नलिकेत खडे होणारी दीर्घकालीन सूज. दारूशी संबंध नसलेल्या तरुणांतही ती आढळते. केरळमधल्या अशा रुग्णांचे वर्णन वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून आहे. इथे कोडे दुहेरी आहे. सुजेमुळे कर्करोगासारखी गाठ तयार होते, आणि अशा स्वादुपिंडात खराखुरा कर्करोग होण्याचा धोकाही वाढलेला असतो. खडे, व्रण आणि सूज यांच्या गर्दीत नवी गाठ हेरणे अनुभवी डोळ्यांनाही जड जाते. अशा वेळी जुन्या स्कॅनशी तुलना हाच मोठा आधार असतो.

एक निरुपद्रवी सोंगाड्याही आहे. साधारण दहापैकी एका माणसात प्लीहेचा छोटा जादा तुकडा असतो आणि कधी कधी तो स्वादुपिंडाच्या शेपटीतच दडलेला असतो. सीटीवर तो न्यूरोएंडोक्राइन गाठीसारखाच उजळतो. शंका आल्यास रुग्णाच्याच तांबड्या पेशी उष्णतेने किंचित इजा करून, त्यांना किरणोत्सारी खूण लावून पुन्हा शिरेतून सोडतात. इजा झालेल्या पेशी गोळा करणे हे प्लीहेचे काम. त्यामुळे तिचा तुकडा जेथे असेल तेथे तो चमकतो आणि शस्त्रक्रिया टळते.

दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी वेगळी कशी?

बाहेरून सोनोग्राफी करताना वायू आड येतो, मग आतूनच का करू नये? एंडोस्कोपिक सोनोग्राफी म्हणजे नेमके हेच. दुर्बिणीच्या टोकाला बसवलेला सोनोग्राफीचा प्रोब घशातून जठरात आणि लहान आतड्यात नेतात. तेथून स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडे असते. सीटीत न दिसलेल्या एक सेंटीमीटरच्या गाठीही यात दिसू शकतात. त्याच दुर्बिणीतून सुई घालून गाठीतल्या पेशी किंवा सिस्टमधला द्रव काढता येतो. जॉब्ज यांचे निदान बदलले ते अशाच सुईने मिळालेल्या पेशींमुळे.

सिस्टमधल्या द्रवात सीईए हा घटक जास्त आणि साखर कमी असेल तर गाठ श्लेष्मा बनवणारी, म्हणजे ‘आई’ची किंवा आयपीएमएन असण्याची शक्यता वाढते. त्यातून गाठीचे कूळ कळते; ती आज कर्करोगाची झाली आहे की नाही, हे मात्र कळत नाही.

सुईच्या अहवालाबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ म्हणजे कर्करोग नाही. तंतुमय लगद्यात कर्करोगाच्या पेशी विखुरलेल्या असतात आणि सुई नेमकी रिकाम्या जागी जाऊ शकते. चित्र कर्करोगाचे आणि सुईचा अहवाल निर्दोष, असे असेल तर पुन्हा तपासणी करतात किंवा चित्रावर भिस्त ठेवतात. म्हणूनच काढण्याजोगी गाठ चित्रात ठसठशीत कर्करोगाची दिसत असेल, तर शस्त्रक्रियेआधी सुईचा पुरावा प्रत्येक वेळी आवश्यक मानला जात नाही. केमोथेरपी सुरू करण्याआधी मात्र तो लागतोच.

पेट स्कॅन दोन प्रकारचे का असतात?

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर देतात. भराभर वाढणाऱ्या पेशी ती अधिक शोषतात आणि चमकतात. पण सुजेच्या पेशीही साखर शोषतात. त्यामुळे ऑटोइम्यून सूज, क्षय आणि कर्करोग तिन्ही चमकू शकतात. संथ वाढणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ मात्र या स्कॅनमध्ये मंद दिसू शकते.

तिच्यासाठी गॅलियम-६८ डोटाटेट हा वेगळा पेट स्कॅन असतो. या गाठीच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन संप्रेरकाचे ग्राही भरपूर असतात. त्यांना जाऊन चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी गॅलियम जोडतात. जेथे ग्राही, तेथे प्रकाश. गाठ अशी चमकली, तर त्याच रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून उपचारही करता येतात; म्हणजे निदानाचा पत्ता हाच औषधाचाही पत्ता. भारतात ल्युटेशियम-१७७ भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते.

सापळे इथेही आहेत. प्लीहेवर हेच ग्राही असल्याने जादा प्लीहेचा तुकडाही चमकतो. स्वादुपिंडाच्या डोक्याचा खालचा भाग निरोगी माणसातही थोडा चमकू शकतो. उलट, इन्सुलिन बनवणारी छोटी गाठ, जिच्यामुळे उपाशीपोटी साखर उतरून माणसाला घेरी येते, ती या स्कॅनमध्ये अनेकदा सापडतच नाही. तिच्यासाठी वेगळ्या ग्राहींवर बेतलेला स्कॅन लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करू शकेल का?

२०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ‘पांडा’ या प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या स्कॅनवर ही प्रणाली शिकवण्यात आली आणि नंतर वीस हजारांहून अधिक जणांच्या कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या सीटीवर तपासण्यात आली. माणसाच्या डोळ्याला न जाणवणारे फरक तिने टिपले. दुसऱ्या कारणाने झालेल्या स्कॅनमध्ये दडलेली गाठ लवकर सापडणे, हा याचा मोठा उपयोग ठरू शकतो. मात्र ‘गाठ आहे’ हे सांगणे आणि ‘ती कोणती आहे’ हे सांगणे यांत दुसरे काम अधिक अवघड आहे. दुर्मीळ गाठींचे नमुने कमी, म्हणून यंत्राचा अभ्यासही कमी. शिवाय रुग्णाला दहा वर्षांपूर्वी मूत्रपिंडाचा कर्करोग झाला होता का, हे चित्रात लिहिलेले नसते.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट क्रमाची. कावीळ झालेल्या रुग्णाला पित्ताची वाट मोकळी करण्यासाठी स्टेंट घालतात. शक्य असेल तर पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा सीटी त्याआधी व्हायला हवा. स्टेंटमुळे चित्रात अडथळा येतो, त्यानंतर सूज येऊ शकते आणि गाठीची खरी कडा कळेनाशी होते. जंतुसंसर्गासारखी निकड असेल तर अर्थातच स्टेंट थांबवता येत नाही. पण निकड नसेल तर ‘स्टेंटआधी सीटी होणार आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारावा. कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासतात. मूत्रपिंडाचा आजार किंवा पूर्वी आलेली अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगावी.

दुसरी गोष्ट जुन्या नोंदींची. फक्त छापील अहवाल किंवा फिल्म न ठेवता स्कॅनची सीडी मागून घ्यावी. दुसरे मत घेताना तज्ज्ञाला सगळे काप पाहता येतात. पाच वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तीच सिस्ट तेवढीच असेल, तर ती एक नोंद अनेक नव्या तपासण्यांइतकी मोलाची ठरते.

तिसरी गोष्ट सीए १९-९ या रक्ततपासणीची. गुगलवर वाचून अनेक जण ती स्वतःहून करून घेतात. पण पित्ताची वाट तुंबली की हा आकडा कर्करोग नसतानाही वाढतो आणि काही लोकांच्या शरीरात हा घटक जन्मतःच तयार होत नाही. त्यामुळे वाढला म्हणून घाबरणे आणि नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणे, दोन्ही चूक.

शेवटची गोष्ट माहिती देण्याची. वय, मधुमेह अलीकडे नव्याने झाला का, वजन उतरले का, दारू-तंबाखू, पूर्वीची स्वादुपिंडाची सूज, जुना क्षय, जुना कर्करोग, घरात कोणाला हा आजार होता का, हे सगळे रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचायला हवे. बऱ्याचदा विनंतीच्या चिठ्ठीवर केवळ ‘पोटदुखी’ एवढेच लिहिलेले असते. चित्र वाचणाऱ्याला माणूस माहीत नसेल, तर दोन सारख्या दिसणाऱ्या गाठींतला फरक तो अर्ध्याच पुराव्यावर ठरवत असतो.

स्वादुपिंडाच्या गाठीचे निदान एका चित्रावर होत नाही. रक्त कसे आले, नलिकेचे काय झाले, आत पाणी आहे की मांस, पेशींवर कोणते ग्राही आहेत आणि हे सारे कोणाच्या शरीरात घडते आहे, या उत्तरांची सांगड घालून ते होते. ती घालण्यासाठी रेडिओलॉजिस्ट, पोटविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून चर्चा करतात अशा केंद्राचे मत शस्त्रक्रियेपूर्वी एकदा घ्यावे. बहुतेक वेळा त्यासाठी काही दिवस हाताशी असतात. ते काही दिवस म्हणजे उपचारांतली दिरंगाई नव्हे. योग्य उपचारांची सुरुवात तिथूनच होते.